न मिटलेल्या संपाची मुलं



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी उमेदीची वर्षं गिरणगावातल्या रात्रशाळेत शिकवण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर ते डोंबिवलीकर झाले. दिवसपाळी करून आलेली माणसं त्यांच्या वर्गात बाकावर पेंगत आणि सर त्यांना झोपू देत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आयोजकांनी पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव छापलंय, ‘पालकांचे आघात आणि प्रौढ मुलांचे नातेसंबंध’. नाव भारदस्त आहे, पण त्याच्या पोटात फाळणीपासून महापुरापर्यंत काहीही मावेल. मी आज मुख्यतः एकाच आघाताबद्दल बोलणार आहे. सरांच्या वर्गातल्या त्या पेंगणाऱ्या माणसांच्या आणि त्यांच्या मुलांच्या वाट्याला आला तो. ती मुलं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. समुपदेशनाच्या कामात मला ती ठाण्यात, कळव्यात, डोंबिवलीत, कल्याणमध्ये भेटतात. येतात ती संपाचं नाव घेऊन नव्हे. येतात ती ‘आमचं पटत नाही’ म्हणून.

१८ जानेवारी १९८२. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. हा इतिहास या सभागृहातल्या अनेकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मला त्यातली एकच गोष्ट अधोरेखित करायची आहे, कारण माझ्या विषयाची मेख तिथे आहे: हा संप रीतसर कधी मिटलाच नाही. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मान्यताप्राप्त संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार होते सामंतांच्या मागे. ज्यांच्याकडे सहीचा अधिकार होता त्यांच्याकडे कामगार नव्हते, आणि ज्यांच्याकडे कामगार होते त्यांच्याशी बोलायला सरकार तयार नव्हतं. त्यामुळे करार नाही, विजयसभा नाही, ‘हरलो’ असं म्हणायलाही कुणी उभं राहिलं नाही. १९८३ उजाडलं तसे लोक चोरपावलांनी गेटवर जाऊ लागले. काहींना आत घेतलं, काहींना ‘नंतर या’ म्हणून सांगितलं. लाखाहून अधिक लोकांची नोकरी कायमची गेली असं साधारणपणे मानलं जातं, पण ती नेमकी कुठल्या तारखेला गेली हे त्यातल्या पुष्कळांना सांगता येत नाही.

माणूस गेला तर आपल्याकडे दहावं असतं, तेरावं असतं. लोक भेटायला येतात, शेजारणी पिठलं-भात आणून देतात आणि चौदाव्या दिवशी तुम्ही कामाला लागावं अशी अपेक्षा असते. नोकरी गेल्याचं सुतक कोण पाळतो? आणि ती गेली की नाही हेच ठरलेलं नसेल तर? पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक आहेत. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवर त्यांनी १९७०च्या दशकात काम केलं. त्या घरांतल्या बायकांचे नवरे मेलेले नव्हते आणि जिवंतही नव्हते. बॉस बाईंचं म्हणणं असं की ज्या हानीला निश्चिती नाही, तिचं दुःख गोठून बसतं आणि घरातली माणसं त्या गोठलेल्या दुःखाभोवती आपापल्या जागा ठरवून घेतात. गिरणी कामगारांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. पण मला ते वाचताना लालबागच्या दहा बाय बाराच्या खोल्या दिसत होत्या.

त्या खोल्यांमधून लोक पुढे बाहेर पडले. कुणी गावी, साताऱ्याला, रत्नागिरीला गेलं. कुणी पागडीची खोली विकून इकडे आलं, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर. (डोंबिवली ही कारकुनांची नगरी असं आपण म्हणतो. त्या कारकुनांचे बाप कोण होते, हे आपण फारसं विचारत नाही.) आज त्यांची मुलं रोज सकाळी लोकलला लोंबकळत लोअर परळला जातात आणि काही जण तर कमला मिलच्या आवारातल्या काचेच्या इमारतींत काम करतात. बापाचा भोंगा जिथे वाजायचा, तिथे मुलगा कार्ड दाखवून आत जातो. यावर लिहायचा मोह कुणालाही होईल. मला मात्र संध्याकाळी परत आल्यावर त्यांच्या घरात काय होतं, त्यात जास्त रस आहे.

एक जोडपं सांगते. दोन-तीन घरं एकत्र करून सांगते आहे, कुणाची ओळख पटू नये म्हणून. नवरा संपाच्या वेळी नऊ वर्षांचा. पुढे शिकला, चांगल्या कंपनीत लागला, डोंबिवली पूर्वेला फ्लॅट घेतला. २०२०च्या टाळेबंदीत त्याची नोकरी गेली. त्याने बायकोला सांगितलं नाही. सगळे घरूनच काम करत होते, त्यामुळे लपवणं सोपं होतं. तो सकाळी दहाला आतल्या खोलीत जायचा, कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप, दार लोटलेलं. दुपारी जेवायला बाहेर, पुन्हा आत, संध्याकाळी सातला ‘संपलं बाबा एकदाचं’ म्हणत बाहेर. एक तारखेला एकेक मुदत ठेव मोडून तो जोडखात्यात पगाराइतकी रक्कम भरायचा. बँकेचा मेसेज चुकून बायकोच्या फोनवर आला आणि बिंग फुटलं.

माझ्यासमोर बसून ती म्हणाली, “नोकरी गेली तर गेली. अख्ख्या जगाच्या जात होत्या. पण बाजूच्या खोलीत बसून तू मला इतके महिने फसवलंस.” तो खरोखर गोंधळला. म्हणाला, “मी फसवलं कुठे? मी तुला त्रास होऊ दिला नाही.”

या दोन वाक्यांमध्ये बराच काळ आम्ही अडकून पडलो होतो. तिच्या दृष्टीने नवरा-बायको म्हणजे वाईट बातमी आधी ज्याला सांगायची तो माणूस. त्याच्या दृष्टीने वाईट बातमी ज्याला कधीच कळू द्यायची नाही तो माणूस. दोघंही प्रेमाबद्दलच बोलत होती.

मग एकदा, जाता जाता, हसत हसत, त्याने वडिलांच्या डब्याचा किस्सा सांगितला. संप चालू होता तोवर घरात एक प्रकारचा उत्साहच होता म्हणे, चाळीत सगळ्यांची गत सारखी, मोर्चे, सभा. अवघड झालं नंतर. गिरणी थोड्या माणसांवर सुरू झाली, शेजारचे दोघे आत गेले, वडिलांना घेतलं नाही. वडिलांनी चाळीत सांगितलं की बदली कामगार म्हणून घेतलंय. रोज पहिल्या पाळीच्या वेळेला निघायचे. आई डबा भरून द्यायची. एक दिवस ते डबा विसरले आणि तिने मुलाला गेटवर पिटाळलं. गेटवरचा भय्या म्हणाला, या नावाचं इथे कुणी नाही. समोरच्या कट्ट्यावर वडील बसले होते. मुलाने डबा त्यांच्या शेजारी ठेवला. त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईने विचारलं, “दिलास?” हा म्हणाला, “दिला.” बस्स. पुढे कित्येक महिने डबा जात राहिला.

त्या आईला माहीत नव्हतं असं मानायला मी तयार नाही. तिघांनाही माहीत होतं. तिघांनी मिळून ते सांभाळलं, कारण त्या घरात माणसाची लाज राखणं हीच त्याच्यावरच्या मायेची खूण होती. अकराव्या वर्षी मुलाने गिरवलेला हा धडा सत्तेचाळिसाव्या वर्षी जसाच्या तसा बाहेर आला, फक्त डब्याच्या जागी लॅपटॉप होता. आणि बायको? तिला त्या खेळात घेतलंच नव्हतं. आई निदान डबा तरी भरत होती.

हान्स कायलसन नावाचे एक ज्यू मनोविकारतज्ज्ञ हॉलंडमध्ये होते. कादंबरीकारही होते, १०१ वर्षं जगले. नाझी छळात आईबाप गमावलेल्या मुलांचा त्यांनी पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला आणि १९७९ साली निष्कर्ष मांडला की आघात एकदाच होत नाही, तो टप्प्याटप्प्याने होतो. युद्ध संपल्यानंतरचा टप्पा, म्हणजे त्या मुलांना कुणी कसं सांभाळलं, त्यांच्याशी कुणी काय बोललं, हा त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने युद्धाइतकाच, कित्येकदा अधिक निर्णायक ठरला. छळछावणी आणि गिरणी संप यांची मी तुलना करत नाहीये. तसं करणं दोन्हींचा अपमान ठरेल. पण ‘नंतर काय झालं’ हा प्रश्न दोन्हीकडे लागू आहे. डब्याचा प्रसंग संपातला नाही, संपानंतरचा आहे.

दुसरं एक नाव घेते. मेरी मेन. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या. १९८०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबापांना त्यांच्या स्वतःच्या बालपणाबद्दल विचारायची एक मुलाखत बेतली. तिची गंमत अशी की बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, याला त्यात फारसे गुण नाहीत. ते सांगता कसं येतं, हे पाहिलं जातं. एक जण म्हणतो, “आई फार प्रेमळ होती,” आणि एक प्रसंग सांगा म्हटलं की त्याला एकही आठवत नाही. दुसरा आजही बापावर इतका चिडलेला असतो की वाक्य पुरं करू शकत नाही. तिसऱ्याने खूप सोसलेलं असतं, पण तो क्रमाने, तपशिलाने, बापाची बाजूही लक्षात घेऊन सांगू शकतो. या तिसऱ्या प्रकारच्या माणसांची मुलं बहुतेकदा निर्धास्त निघतात. शिवाय ही सांगण्याची ताकद मोठेपणीही कमावता येते. मला या संशोधनात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. घडलेलं बदलता येत नाही, पण ते अजून सांगून व्हायचं असेल, तर काम शिल्लक आहे.

आता बायकांकडे वळते, कारण संपाच्या गोष्टीत पुरुष मोर्चात दिसतात आणि बायका कुठेच दिसत नाहीत. गिरणगावात कितीतरी बायका खानावळ चालवत. गाव सोडून एकटे राहणारे कामगार महिन्याच्या बोलीवर त्यांच्याकडे जेवत. याच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. संप झाला, तशी जेवणारी माणसं गावी गेली किंवा उधारीवर जेवू लागली. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंच्या आईची अशी खानावळ होती. मुलीचं अक्षर चांगलं, म्हणून उधारीची वही तिच्याकडे. कुणाची किती ताटं, कुणाचे किती थकले. रात्री वडील भिंतीकडे तोंड करून झोपले की आई तिच्याजवळ हळू आवाजात हिशेब करायची आणि म्हणायची, “माझी शहाणी ती.” मंगळसूत्र कुठे गहाण ठेवलंय हे वडिलांना माहीत नव्हतं, मुलीला माहीत होतं.

ती मुलगी आज ठाण्यात एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. कर्तबगार, नेटकी, कुणाकडून कपभर चहा घेतला तरी तो फेडल्याशिवाय चैन न पडणारी. मध्यंतरी तिचं छोटं ऑपरेशन ठरलं. ती सकाळी रिक्षा करून एकटी रुग्णालयात गेली आणि नवऱ्याला संध्याकाळी फोन केला, “झालं सगळं, येताना चार्जर आण.” नवरा सालस माणूस. तो मला म्हणाला, “मॅडम, तीस वर्षं झाली, मी या घरात पाहुणा आहे.” तिला ही तक्रार कळतच नव्हती. तिच्या हिशेबी मदत ही उधारी होती आणि उधारी म्हणजे काय, हे तिने वयाच्या दहाव्या वर्षापासून स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

या सगळ्यावरून कुणी असा समज करून घेऊ नये की आईबापांनी सोसलं म्हणजे मुलांचा संसार मोडलाच. नाझी छळातून वाचलेल्यांच्या मुलांवर १९६०च्या दशकापासून ढीगभर लिहिलं गेलं. २००३ मध्ये डच आणि इस्रायली संशोधकांनी असे ३२ गट, चार हजारांहून अधिक माणसं एकत्र तपासली. जे गट दवाखान्यातून नव्हे, तर सर्वसामान्य समाजातून निवडले होते, त्यांत दुसऱ्या पिढीवर आघाताची छाप दिसली नाही. छाप दिसली ती मुख्यतः जी मुलं आधीच उपचारासाठी आली होती त्यांच्यात. म्हणजे माझ्यासारख्या माणसांपासून थोडं सावध राहा. माझ्यासमोर फक्त बिनसलेली घरं येतात. ज्या चाळीतून तो डबा पोचवणारा मुलगा आला, त्याच चाळीतल्या बाकीच्या मुलांचे संसार कदाचित छान चालले असतील आणि ते या वेळी घरी मालिका बघत असतील.

तसंच ‘आघात जनुकांतून उतरतो’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर. त्यामागे संशोधक रेचल येहुदा यांचं गंभीर काम आहे, पण सगळ्यात गाजलेल्या त्या अभ्यासात ३२ पालक आणि त्यांची २२ मुलं होती. एवढ्यावरून आपल्या रक्तात संप शिरलाय असं म्हणणं घाईचं होईल. डबा रक्तातून जात नाही. तो हातातून जातो.

आणखी एक गोष्ट, ती थोडक्यात पण स्पष्ट सांगते. काही घरांत बेकारीपाठोपाठ दारू आली, मारहाण आली. ते पाहिलेला मुलगा आज बायकोवर हात उगारतो आणि त्याची आई म्हणते, “त्याने लहानपणी फार बघितलंय हो.” बघितलं असेल. बापाचा संप हा मुलाच्या हाताला परवाना नाही. तिथे आधी त्या बाईची सुरक्षितता, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा आणि गरज पडली तर पोलीस. लहानपणाबद्दल नंतर बोलू.

आता संपाबाहेरचं एक उदाहरण. कल्याणपासून हाकेच्या अंतरावर उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, तिथे फाळणीनंतर सिंधमधून आलेली जवळपास लाखभर माणसं वसवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते गावाची पायाभरणी झाली. आजही रिक्षावाला विचारतो, “कितवा कॅम्प?” घर पक्कं झालं, दुकान झालं, नातवंडं परदेशी गेली, पत्ता मात्र छावणीचाच राहिला. तिथल्या घरांतही सिंध सुटण्याबद्दल फार बोललं गेलं नाही असं मला तिथली माणसं सांगतात. काम करा, पुढे बघा. पण एक फरक जाणवतो. त्यांच्या हानीला राज्याने निदान नाव दिलं होतं. ‘निर्वासित’ हा शब्द बोचणारा होता, पण तो त्यांच्या कागदावर लिहिला होता. संपात नोकरी गेलेल्याच्या कागदावर काय लिहिलं होतं? गैरहजर.

आणि हे सगळं जुनं झालं असं कुणी समजू नये. कल्याणजवळ आंबिवली-मोहने इथली एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली. हजारो कामगार, मोठी वसाहत. थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं आणि कोर्टाच्या तारखा. पुन्हा तेच: आज मिळतील, उद्या मिळतील. त्या वसाहतीत तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आता लग्नाच्या वयाची आहेत. स्थळं बघताना पत्रिका जुळवली जाते, पगाराची स्लिप मागितली जाते. या मुलांनी आपल्या होणाऱ्या जोडीदाराला मोहन्याच्या त्या वर्षांबद्दल काही सांगितलं आहे का, असं मला विचारावंसं वाटतं.

विचारायचं कसं, हा प्रश्न मला नेहमी येतो. मुलं तावातावाने घरी जातात आणि ऐंशीच्या घरातल्या बापाला विचारतात, “बाबा, तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?” बाबा म्हणतात, “काय वाटणार?” आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. हा त्या पिढीचा प्रश्नच नव्हे. त्यांना विचारा, तुम्ही कुठल्या खात्यात होतात? किती साचे, म्हणजे माग, चालवायचात? बदलीचं कार्ड कसं असायचं? जॉबर कोण होता? मग बघा. साच्यांचा आवाज इतका असायचा की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागे, इथपासून सुरुवात होते आणि गेटपर्यंत माणूस आपोआप येतो. कट्ट्यापर्यंत येईलच असं नाही. नाही आला तर ओढू नये. आणि हो, हे ऐकताना जोडीदाराला शेजारी बसवा. सासऱ्याची गोष्ट ऐकताना सुनेला नवऱ्याबद्दल जे कळतं, ते मला दहा बैठकांत समजावता येत नाही.

ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएचसारखी संस्था आहे. मानसिक आरोग्याबद्दल उघडपणे बोलायची सवय या शहराला लागली, त्यात तिचा मोठा वाटा आहे. तेव्हा समुपदेशकाकडे जायला लाजू नका, हे मी सांगायला नको. पण त्या डब्याच्या घरात खरी वाट उघडली ती समुपदेशकामुळे नव्हे, म्हाडाच्या अर्जामुळे.

गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं द्यायची योजना तुम्हाला माहीत आहे. २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली. पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा लागतो. वडील गेलेले, कागद जमवायचे होते, आणि नवरा चालढकल करत होता. शेवटी बायकोनेच जुनी पेटी काढली. ईएसआयचं कार्ड सापडलं, तिकीट नंबर सापडला, प्रॉव्हिडंट फंडाची एक पिवळी पडलेली पावती सापडली. मग तिने विचारलं, बाबांची नोकरी सुटली कधी? त्याला सांगता येईना. धाकट्या भावाने एक साल सांगितलं, बहिणीने दुसरं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, “सुटली कुठे? घेतलं नाही त्यांनी.”

तेव्हा बायकोने साताऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यांना फोन लावला, सासऱ्यांच्या शेजारच्या साच्यावरचे. स्पीकर चालू केला. म्हातारबुवा तासभर बोलले. मालकांना, सरकारला, दोन्ही युनियनना आणि अधूनमधून सासऱ्यांनाही शिव्या घातल्या. आणि बोलता बोलता म्हणाले, “तुझा बाप आणि मी रोज त्या कट्ट्यावर बसायचो की. डबा एकच यायचा, त्याच्या घरचा. दोघं खायचो.”

हे मुलाला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं बाप तिथे एकटा बसायचा.

अर्ज भरला गेला. घर अजून लागलेलं नाही. त्याला नंतर दुसरी नोकरी मिळाली, पगार आधीपेक्षा कमी आहे आणि तो किती कमी आहे, यावरून दोघांची परवा चांगली जुंपली होती असं तिने मला फोन करून सांगितलं. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला म्हणे.